एक्स्चेंज ऑनलाइनचं ऑटो-फॉरवर्डिंग: काही महिने वापरल्यावर, आणि त्या एका टिकबद्दल

एक्स्चेंज ऑनलाइन ही मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची मेल सेवा. तिच्या ऑटो-फॉरवर्डिंगने आमच्या ऑर्डर्सच्या मेलबॉक्सला येणारे मेल आपोआप मालकांच्या जीमेलवर जातात. मागच्या महिन्यात पुण्याहून एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. ड्रॉइंगची नवी रिव्हिजन त्यांनी केव्हाच मेल केली होती, आणि आम्ही जुन्याच मापाचे ब्रॅकेट पाठवले होते. आमचं शिरोली एमआयडीसीत कास्टिंग मशीनिंगचं छोटं युनिट आहे. असा एक लॉट परत आला की गाडीभाड्यापासून स्क्रॅपपर्यंत सगळं आमच्या अंगावर पडतं. ऑर्डर्सचा मेलबॉक्स उघडला तर तो जवळजवळ रिकामा. मेसेज ट्रेसमध्ये, म्हणजे कुठला मेल कुठून कुठे गेला याच्या नोंदीत, मात्र स्पष्ट दिसत होतं: मेल आला, मालकांच्या जीमेलवर फॉरवर्ड झाला. ट्रेस एवढंच सांगतो. मजकूर किंवा जोडलेली पीडीएफ तिथे मिळत नाही. जीमेलच्या इनबॉक्समध्ये तो मेल नव्हता, म्हणजे स्पॅममध्ये पडला असणार, आणि स्पॅममधलं ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

हे सगळं एका टिकमुळे झालं. फॉरवर्डिंगच्या पानावर पत्ता टाकायची जागा असते आणि खाली 'फॉरवर्ड केलेल्या मेलची प्रत या मेलबॉक्समध्ये ठेवा' अशा अर्थाची छोटी चौकट. ती आपणहून टिक करावी लागते. नाही केली तर मेल पुढे निघून जातो आणि इथे काहीही उरत नाही. आम्हाला क्लाउडवर आणणाऱ्या रिसेलरच्या माणसाने पत्ता टाकला, सेव्ह केलं आणि पुढच्या मेलबॉक्सकडे वळला. झिम्ब्रा या दुसऱ्या मेल सिस्टिममध्ये नेमकं उलटं आहे: प्रत राहतेच, नको असेल तर टिक करायची. धंद्याच्या मेलला तीच पद्धत हवी. ऑर्डर, ड्रॉइंग, पेमेंटची बोलणी यांची मूळ प्रत कंपनीकडे राहिलीच पाहिजे. प्रत ठेवायला वेगळे पैसे पडत नाहीत, मग ती चौकट आधीपासून टिक केलेली का नसावी, हे मला आजही पटत नाही.

मेल स्पॅममध्ये का गेला तेही शोधून काढलं. फॉरवर्ड करताना एक्स्चेंज ऑनलाइन पाकिटावरचा (सर्व्हर एकमेकांना सांगतात तो) पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून आमच्या डोमेनचा करतं. त्यामुळे एसपीएफ (या सर्व्हरला त्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी आहे का, ही तपासणी) पास होतो, पण आमच्या नावाने. आतल्या 'फ्रॉम'मध्ये गिऱ्हाइकाचंच डोमेन राहतं. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून डीमार्कला, म्हणजे 'फ्रॉम'मधलं डोमेन खरं आहे का हे पाहणाऱ्या तपासणीला, एसपीएफचा उपयोग नाही. मूळ मेलवर डीकिमची सही (पाठवणाऱ्याच्या डोमेनची डिजिटल सही) असेल आणि वाटेत मजकुराला हात लागला नसेल, तर त्या सहीवर तो तरून जातो. या गिऱ्हाइकाच्या मेलवर सही नव्हती आणि त्यांची डीमार्क पॉलिसी होती 'क्वारंटाइन', म्हणजे तपासणीत नापास झालेला मेल संशयित धरून स्पॅममध्ये टाका. ज्यांचे मेल बिनबोभाट पोचत होते त्या सगळ्यांच्या हेडरमध्ये (मेलसोबत येणाऱ्या तांत्रिक नोंदीत) डीकिम पास दिसलं. म्हणजे आपलं फॉरवर्डिंग कितीही नीट असलं तरी समोरच्याने स्वतःचं डोमेन कसं लावलंय यावर मेल पोचणं अवलंबून आहे. म्हणून परत सांगते, ती टिक बघा.

आता सुरुवातीच्या दिवसांबद्दल. आमचा जुना सर्व्हर एक्स्चेंज २०१६ चा. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून क्लाउडवर आलो. आल्याआल्या फॉरवर्डिंग बंद पडलं आणि ५५० ५.७.५२० चा एरर यायला लागला: तुमच्या संस्थेने बाहेर फॉरवर्ड करायला परवानगी दिलेली नाही. रिसेलरला फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, तुमच्या प्लॅनमध्ये हे येत नाही. वरचा प्लॅन घ्यावा लागेल." दर युजरला, दर महिन्याला जास्तीचे पैसे! हे साफ खोटं आहे. डिफेंडर पोर्टलमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षेच्या सेटिंगच्या जागी, आउटबाउंड स्पॅम पॉलिसी (बाहेर जाणाऱ्या मेलचे नियम) असते आणि त्यात ऑटोमॅटिक फॉरवर्डिंगचे तीन पर्याय असतात: सिस्टिमवर सोपवलेलं, बंद, चालू. सिस्टिमवर सोपवलेलं म्हणजे आज बंदच. ज्या प्लॅनमध्ये मेलबॉक्स आहे त्या प्रत्येकात हे पान आहे. मी ते दाखवल्यावर त्यांनी मुख्य पॉलिसीच 'चालू' केली, म्हणजे अख्ख्या कंपनीला मोकळं रान, आणि वर 'कॉन्फिगरेशन चार्जेस' लावले.

तेव्हा मला ही बंदी म्हणजे निव्वळ त्रास वाटत होती. आता मत पूर्ण बदललंय. एक्स्चेंजच्या अ‍ॅडमिन सेंटरमध्ये मेल फ्लोच्या रिपोर्टांत ऑटो-फॉरवर्ड झालेल्या मेलचा एक रिपोर्ट आहे, तो मी ड्रॉइंगच्या प्रकरणानंतर पहिल्यांदा नीट वाचला. त्यात सेल्सच्या एका मेलबॉक्समधला इनबॉक्स रूल (आलेल्या मेलचं काय करायचं ते आपोआप ठरवणारा नियम) सापडला. कधीचा आहे कोण जाणे, पण कोटेशनचे मेल बाहेरच्या पत्त्यावर जात होते. पासवर्ड चोरणारे लोकही हेच करतात: इनव्हॉइस, पेमेंट असे शब्द असलेले मेल गुपचूप बाहेर वळवायचे आणि योग्य वेळी बदललेल्या बँक खात्याचा मेल टाकायचा. आमच्यासारख्या, आरटीजीएसवर चालणाऱ्या धंद्याला असा एक मेल पुरेसा आहे. त्या बंदीचं मोल मला तेव्हा कळलं.

मग मुख्य पॉलिसी पुन्हा सिस्टिमवर सोपवली आणि फक्त ऑर्डर्सच्या मेलबॉक्ससाठी वेगळी पॉलिसी करून तिथे परवानगी दिली. रिमोट डोमेन (बाहेरच्या डोमेनसाठीची सेटिंग) किंवा मेल फ्लो रूल (कंपनीच्या मेलना लागणारे नियम) यांत कुठे अडवलेलं असेल तर इथे चालू करूनही मेल जात नाही, तेही तपासा.

पैसे वाचवणारी गोष्ट वेगळीच निघाली. काम सोडून गेलेल्यांचे मेल कुणाला तरी मिळावेत म्हणून आम्ही त्यांची लायसन्सं भरत फॉरवर्डिंग चालू ठेवलं होतं. ते मेलबॉक्स शेअर्ड मेलबॉक्समध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या मेलबॉक्समध्ये, बदलले. ५० जीबीपर्यंत त्याला लायसन्स लागत नाही. लायसन्स काढायच्या आधी रूपांतर करायचं, एवढा क्रम पाळा. मालकांच्या फोनवरही आउटलुक अ‍ॅपमध्ये ऑर्डर्सचा शेअर्ड मेलबॉक्स जोडून दिलाय. त्यांना सवय जीमेलची, म्हणून तेवढं एक फॉरवर्डिंग ठेवलंय, प्रतीची टिक लावून.

'कॉन्फिगरेशन चार्जेस'ची रक्कम मी बिलातून अडवून ठेवली आहे. प्लॅनबद्दल चुकीची माहिती का दिली, याचा लेखी खुलासा मागितलाय. तो येईपर्यंत रिन्यूअलच्या कागदावर सही होणार नाही, हे मालकांनीही मान्य केलंय.