रंग मिळाले, मॉडेल मिळालं नाही

अकरा वर्षं मी नाशिकमध्ये प्लंबिंगची डिझाइनं करते. ऑटोकॅडवर हात बसलेला आहे, रेविट हे इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर मात्र मला चालवता येत नाही. मला फसवणाऱ्याने नेमकं हेच हेरलं. माझ्यासारखे छोटे कन्सल्टंट हल्ली मॉडेलिंग बाहेर देतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

काम सात मजली निवासी इमारतीचं होतं. आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरच्या मॉडेलशी पाइप कुठे आदळतात ते बघता यावं, म्हणून बिल्डरला प्लंबिंगही रेविटमध्येच हवं होतं. ओळखीतून एक फ्रीलान्सर मिळाला. ८५,००० रुपये ठरले, त्यातले ४०,००० आगाऊ. त्याने नमुना म्हणून एका टॉयलेटची फाइल पाठवली. बिल्डरच्या ऑफिसातल्या मॉडेलिंग बघणाऱ्या मुलाकडून मी ती उघडून घेतली आणि तिच्यात काहीही खोट नव्हती. ती फाइल त्याने स्वतः केलेली नव्हती, असं आज मला वाटतं.

रंगांची यादी मी लिहून दिली: गार पाणी निळं, गरम पाणी लाल, सॉइल (संडासाचं सांडपाणी) तपकिरी, वेस्ट (बेसिन, न्हाणी, स्वयंपाकघराचं सांडपाणी) हिरवा, व्हेंट (हवेचा पाइप) पिवळा. त्यावर त्याने फोन करून विचारलं, "मॅडम, आयएस २३७९ प्रमाणे पाण्याला सी ग्रीन असतो, तो नको ना?" पाइपांच्या रंगांचं भारतीय मानक त्याने बरोबर सांगितलं होतं. ज्याला एवढं माहीत आहे त्याला काम येत असणार, असं मी धरून चालले.

तीन आठवड्यांनी चित्रं आली, पीडीएफ आले, मॉडेलभोवती कॅमेरा फिरवलेला व्हिडिओ आला. मजल्यामजल्यावर सुबक रंगीत पाइप. सोबत एक्सेलमध्ये पाइपांची मोजमापं. मी स्क्रीन शेअर करून दाखवायला सांगितलं तेव्हा नेट स्लो असल्याचं कारण मिळालं, दोनदा. साइटवर स्लॅबची घाई होती. मी उरलेले ४५,००० पाठवले, मग फाइल आली. ती उघडून बघायच्या आधीच पीडीएफवरून पहिल्या दोन स्लॅबमध्ये स्लीव्ह (पाइप आरपार जाण्यासाठी ठेवायच्या नळ्या) बसले आणि काँक्रीट पडलं. ती चूक माझी, आणि ती मला सगळ्यात महाग पडली.

फाइल उघडून बिल्डरच्या ऑफिसातल्या त्याच मुलाने एक नवा थ्रीडी व्ह्यू, म्हणजे मॉडेलचं नवं दृश्य, तयार केला. त्यात सगळे पाइप एकाच रंगाचे दिसले. सॉइल असो, गरम पाणी असो, काही फरक नाही.

रेविटमध्ये पाइपला रंग देण्याचे मार्ग अनेक आहेत. प्रत्येक पाइप कुठल्या तरी सिस्टिम टाइपचा असतो: गार पाणी, गरम पाणी, सॅनिटरी, व्हेंट. रंग त्या टाइपला दिला की तो प्रत्येक व्ह्यूमध्ये पाइपासोबत जातो. किंवा व्ह्यूला फिल्टर लावतात: सिस्टिम अमुक असेल तर रंग तमुक. फिल्टरचे रंग नव्या व्ह्यूमध्ये आपोआप येत नाहीत, पण व्ह्यू टेम्पलेट (व्ह्यूच्या जपून ठेवलेल्या सेटिंग्ज) लावलं की येतात. दोन्हीकडे पाइप काय आहे यावरून रंग ठरतो. तिसरा मार्ग म्हणजे एकेक पाइप निवडायचा आणि फक्त त्या व्ह्यूपुरता त्याचा रंग बदलायचा. माझ्या फाइलमध्ये सगळीकडे हा तिसराच मार्ग होता. फिल्टर एकही नव्हता. सगळ्या इमारतीचे पाइप गार पाण्याच्या एकाच सिस्टिम टाइपवर काढलेले, आणि मला दाखवायच्या सहा व्ह्यूंमध्ये हाताने रंगवलेले.

रंग उडाल्यावर आतलं दिसू लागलं. पाइप शेड्यूल, म्हणजे मॉडेलमधूनच निघणारी पाइपांची यादी, सिस्टिमप्रमाणे लावलं तर एकच गट आला, आणि त्याची बेरीज एक्सेलमधल्या आकड्यांशी कुठेच जुळेना. म्हणजे ते आकडे हाताने टाइप केलेले होते. अॅनलाइझ टॅबमध्ये 'शो डिस्कनेक्ट्स' चालू केल्यावर जागोजागी इशाऱ्याच्या खुणा उमटल्या. बेसिनच्या तोंडाशी येऊन थांबलेले पाइप, एकमेकांना नुसते टेकलेले तुकडे. व्हिडिओत ते जोडलेले वाटतात.

सॉइलच्या आडव्या पाइपांना उतारच नव्हता. सगळे सपाट. सहा मीटरच्या पाइपला साठास एक उतार धरला तर शेवटचं टोक १०० मिलिमीटर खाली येतं. ते १०० मिलिमीटर घेतल्यावर आमचा पाइप दोन ठिकाणी बीममध्ये शिरत होता. मार्ग बदलावे लागले आणि काँक्रीटमध्ये बसलेले स्लीव्ह निरुपयोगी झाले.

चौथ्या मजल्यावर तर स्वयंपाकघराचा वेस्ट थेट सॉइल स्टॅकला, म्हणजे सॉइलच्या उभ्या पाइपला, जोडलेला होता. आपल्याकडच्या दोन-पाइप पद्धतीत सॉइल आणि वेस्ट वेगळे उतरतात आणि वेस्ट गली ट्रॅपमधून चेंबरला जातो, तो ट्रॅपच गटाराचा वास घराबाहेर अडवतो. सॉइल आणि वेस्टला वेगळे सिस्टिम टाइप दिले असते तर जोडताक्षणी सगळं जाळं एका टाइपचं झालं असतं, रंग पालटला असता आणि चूक डोळ्यांत भरली असती. कलर कोडिंग करायचं ते ह्याच्यासाठी. इथे त्याच रंगांनी चूक झाकली.

मी फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, वर्क ऑर्डरमध्ये कलर कोडेड मॉडेल लिहिलंय. कलर दिलेत की." मी खरंच तेवढंच लिहिलं होतं. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. वकिलामार्फत पाठवलेली नोटीस परत आली.

मॉडेल एका मुलीकडून नव्याने करून घेतलं, कोअर कटिंगचे, म्हणजे पडलेल्या काँक्रीटमध्ये नव्याने भोकं पाडायचे, पैसे मी भरले. ह्या वेळी वर्क ऑर्डरला मोठा परिच्छेद जोडला: रंग सिस्टिम टाइपवरून किंवा फिल्टरवरूनच यावेत, एकेका पाइपला हाताने दिलेला रंग चालणार नाही, मोजमापं मॉडेलच्या शेड्यूलमधूनच निघावीत, सांडपाण्याच्या प्रत्येक पाइपला उतार असावा, आणि निम्मे पैसे मूळ फाइल आमच्याकडे उघडून तपासल्यावर. तपासणीला पाव तासही लागत नाही. नवा थ्रीडी व्ह्यू काढायला सांगा. पाइपवर कर्सर नेऊन टॅब दाबत राहा, जोडलेली लाइन कुठपर्यंत उजळते ते बघा. रेविट येत नसेल तर येणाऱ्याला शेजारी बसवा, पण पैसे पाठवायच्या आधी.

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका मैत्रिणीने मला एक चित्र पाठवलं. मॉडेलिंग स्वस्तात करून देणाऱ्या कुणीतरी तिला नमुना म्हणून दिलेलं. माझीच इमारत होती. सात मजले, निळे, लाल, तपकिरी, हिरवे, पिवळे पाइप. तेच चित्र तुमच्याकडे आलं तर चौथा मजला मोठा करून बघा. स्वयंपाकघराच्या बाजूने एक हिरवा पाइप येतो आणि तपकिरी स्टॅकमध्ये शिरतो.