ग्लेनट्रेस, स्कॉटलंड: माउंटन बाइकिंगसाठी एक नंबर जागा

एडिनबर्गात राहताय किंवा फिरायला आलाय आणि सायकलचं वेड आहे, तर पीबल्सजवळच्या ग्लेनट्रेसच्या जंगलात जाच. गाडीने साधारण तासभर, ट्वीड नदीचं खोरं, ट्रेल फुकट, फक्त पार्किंगचे पैसे द्यावे लागतात. हिरवा ट्रेल सोपा, मग निळा, लाल, आणि काळा फक्त कसलेल्यांनी करावा.

माझं ऐकाल तर निळ्यापासूनच सुरू करा, सिंहगड सायकलने चढत असाल तरी, कारण तिथे डांबर आहे आणि इथे मुळं, दगड, वळणावर उंच केलेली मातीची कड, ब्रेक कधी सोडायचा ते हळूहळूच अंगात मुरतं. आणि लाल ट्रेलवरचा स्पूकी वूडचा उतार! एकामागून एक जंप, चढताना गेलेला सगळा दम वसूल होतो. २०२३ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची क्रॉस-कंट्री रेस याच जंगलात झाली, पुरुषांत टॉम पिडकॉक जिंकला, त्यामुळे लेव्हलबद्दल शंकाच नको.

लहान मुलं किंवा आई-बाबा सोबत असतील तर पीबल्स ते इनरलीथन जुन्या रेल्वेमार्गावरचा रस्ता घ्या, जवळपास सपाट आहे आणि ट्वीड नदी सोबतीला.

उन्हाळ्यात संध्याकाळी वारा पडला की मिज नावाची बारीक चिलटं फार चावतात, अंगाला लावायचं औषध न्याच. पावसाचं जॅकेट तर बारा महिने लागतंच. वीकेंडला सकाळी लवकर पोचा, नंतर गर्दी होते.