पिस्तुलावर लाईट की लेझर? अमेरिकेत घरी पिस्तूल ठेवणाऱ्यांसाठी

पिस्तूल घरात ठेवावं की नाही, हा वाद इथे घालत नाही. अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांत तो घालून झालाय आणि कुलूपबंद पेटीत एखादं ग्लॉक किंवा सिग येऊन बसलंय, त्यांच्यापुढे लगेच दुसरा प्रश्न येतो. नळीखालच्या रेलवर, म्हणजे अ‍ॅक्सेसरी अडकवायच्या खाचांच्या पट्टीवर, काय लावायचं? दुकानदार काचेच्या कपाटातून लाईट काढतो, लेझर काढतो आणि मग दोन्ही एकत्र असलेलं तिसरं यंत्र काढतो. तोवर अ‍ॅक्सेसरीचं बिल पिस्तुलाच्या निम्म्यावर आलेलं असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रेलवर एकच वस्तू लावायची तर लाईट. पण त्याच्याही आधी हातात धरायची साधी टॉर्च. लेझरचा नंबर तिसरा, मात्र काही माणसांच्या बाबतीत तो वर सरकतो. ती माणसं कोणती ते पुढे येईलच.

खरेदीच्या आधी एक कायद्याची गोष्ट, कारण आपल्या लोकांत याबद्दल भलताच गोंधळ आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्यांना फेडरल कायद्यानुसार पिस्तूल किंवा गोळ्या बाळगायलाच मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं वगैरे अपवाद आहेत, पण ते मोजके. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना ही अडचण नाही, त्यांच्यासाठी राज्याराज्याचे नियम वेगळे. नवरा नागरिक आणि बायको अजून व्हिसावर, किंवा उलट, अशी जोडपी बरीच आहेत. तिथे पेटीचा कोड कोणाला माहीत असावा हासुद्धा वकिलाला विचारायचा प्रश्न होतो. लाईटचे लुमेन त्यानंतर मोजा.

आधी माणूस ओळखा

लेझर एवढंच सांगतं की गोळी कुठे लागेल. तिथे कोण उभं आहे, हे त्याला सांगता येत नाही.

रात्री घरात खुडबुड होते ती बहुतेक वेळा घरातल्याच कुणाची असते. न कळवता कॉलेजातून घरी आलेला मुलगा, पाणी प्यायला उठलेली धाकटी. आणि आपल्याकडचा हमखास प्रकार म्हणजे पुण्याहून नाहीतर नाशिकहून चार-सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. पहिले आठ-दहा दिवस त्यांची रात्र आणि दिवस उलटेपालटे झालेले असतात. कुणाची झोपमोड नको म्हणून दिवा न लावता ते पहाटे तीनला चहाचं भांडं शोधत असतात. अशा वेळी अंधारात बंडीवर लाल ठिपका पडला, तरी बंडी कुणाची आहे ते कळायला उजेडच लागतो. तो कुणीतरी परका असला, तरी त्याच्या हातात काय आहे हे दिसल्याशिवाय पुढचा निर्णय घेता येत नाही.

पण पिस्तुलावरच्या लाईटची मोठी अडचणही इथेच आहे. जिकडे लाईट तिकडे नळी. अमेरिकेत नेमबाजी शिकवताना जेफ कूपर यांचे चार सुरक्षा-नियम घोकून घेतात. त्यातला एक असा, की जे नष्ट करायची तुमची तयारी नाही त्यावर नळी कधीही येऊ द्यायची नाही. पिस्तूल टॉर्चसारखं फिरवत घरभर पाहणं म्हणजे आवाज कशाचा ते शोधण्यासाठी प्रत्येकावर, म्हणजे झोपलेल्या मुलांवरही, भरलेली नळी रोखणं. म्हणून शोधण्याचं आणि पाहण्याचं काम हातातल्या टॉर्चने करायचं. पन्नास डॉलरच्या आत चांगली मिळते, मागच्या टोकाला बटण असलेली घ्या. वीज गेली तरी उपयोगी पडते, बेसमेंटमधला फ्यूज बॉक्स बघायलाही.

मग पिस्तुलावर लाईट हवाच कशाला? कारण दोन हात तेवढेच असतात. एका हातात पिस्तूल आणि दुसऱ्यात टॉर्च घेऊन फोनवर ९११ लावता येत नाही, मुलाला उचलता येत नाही, दार ढकलता येत नाही. शिवाय एका हाताने नेम धरणं अवघड, दोन हातांनी मूठ पकडली की पिस्तूल बरंच स्थिर राहतं. चांगले प्रशिक्षक आणखी एक युक्ती शिकवतात. नळी समोरच्याच्या पुढ्यातल्या जमिनीकडे ठेवायची आणि लाईट चालू करायचा. अमेरिकन घरांचं छत आणि भिंती बहुतेक पांढऱ्या, त्यामुळे जमिनीवरून उसळलेल्या उजेडात चेहरा आणि हात दोन्ही दिसतात, आणि नळी माणसावर आलेली नसते.

लुमेनच्या मागे धावू नका

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरात लुमेनचा आकडा असतो. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा सगळा उजेड. कँडेला म्हणजे एका दिशेला तो किती एकवटलाय ते. घरासाठी दोन्ही बघावे लागतात, आणि गणित सोपं आहे: कँडेलाला मीटरमधल्या अंतराच्या वर्गाने भागलं की समोरच्या वस्तूवर पडणारे लक्स मिळतात.

स्ट्रीमलाईटच्या टीएलआर-७ए या छोट्या लाईटचा आकडा ५०० लुमेन आणि ५,००० कँडेला. सहा मीटरच्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला त्याचा उजेड साधारण १४० लक्स पडतो, म्हणजे संध्याकाळी दिवाणखान्यात नेहमीचे दिवे लावल्यावर असतो तसा. चेहरा ओळखायला तो पुरतो. त्याच कंपनीचा मोठा टीएलआर-१ एचएल १,००० लुमेन आणि २०,००० कँडेलाचा. त्याच अंतरावर साडेपाचशे लक्स, आणि खिडकीतून मागच्या अंगणाच्या कुंपणापर्यंत दिसतं. शुअरफायरचा एक्स३०० टर्बो हा वेगळाच प्राणी आहे. लुमेन फक्त ६५०, पण कँडेला ६६,०००. उजेडाचा झोत अगदी अरुंद आणि लांब पल्ल्याचा. तो मोकळ्या शेतजमिनीवर राहणाऱ्याच्या कामाचा. घरात त्याचा मधला ठिपका डोळे दिपवेल आणि कडेचा भाग त्या मानाने अंधारात राहील. घरात तर कडेचाच उजेड महत्त्वाचा, कारण माणसाचे हात झोताच्या बरोबर मध्यावर नसतात.

अपार्टमेंट किंवा टाउनहाऊस असेल तर ५०० लुमेनचा छोटा लाईट पुरे. अंगण, लांब ड्राइव्हवे आणि सुटा गॅरेज असेल तर १,००० वाला घ्या. दोघांच्या किमतीतला फरक फारसा नसतो, आकार आणि वजनातला मात्र जाणवतो. टीएलआर-७ए एका सीआर१२३ए सेलवर चालतो, टीएलआर-१ एचएलला दोन लागतात. चालू ठेवला तर दोन्ही दीड तासाच्या आसपास टिकतात. हे लिथियमचे सेल कपाटात दहा वर्षं राहतात, पण जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. त्यातून सेल फुटण्याचा खरा धोका असतो.

स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात न येणारी गोष्ट म्हणजे बटण. दुकानात पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून मूठ पकडा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा बटणापर्यंत मूठ न हलवता पोहोचतो का ते बघा. लहान हातांना काही मॉडेल जमत नाहीत. मुठीच्या पुढच्या बाजूला बसवलेलं दाबाचं बटणही मिळतं, ते लाईटसाठी टाळावं असं मला वाटतं. घाबरलेला माणूस अख्खा पंजा आवळतो, आणि चापावरचं बोटही त्याच पंजाचं आहे. अशा बटणामुळे पोलिसाच्या हातून चुकून गोळी सुटल्याचा दावा अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेलेला आहे.

लेझर कोणाला खरंच उपयोगी

चाळिशी ओलांडलेल्यांना. पिस्तुलाचा नेम धरताना नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा पुढचा खुंटा, स्पष्ट दिसावी लागते. ती हात लांब केल्यावर जेमतेम दोन फुटांवर असते, आणि जवळचा चष्मा रात्री उशाशी पडलेला असतो. लेझरचा ठिपका मात्र समोरच्या वस्तूवर असतो, आणि दूरचं बहुतेकांना बरं दिसतं. दुसरी माणसं म्हणजे ज्यांना खांद्याच्या किंवा मनगटाच्या दुखण्यामुळे पिस्तूल डोळ्यासमोर आणता येत नाही. तिसरी म्हणजे ज्यांच्याकडे रेल नसलेली छोटी रिव्हॉल्व्हर आहे. स्मिथ अँड वेसनच्या जे-फ्रेमवर नेहमीचा लाईट बसतच नाही. तिच्यासाठी क्रिमसन ट्रेसच्या लेझरवाल्या मुठी मिळतात: मूळ मूठ काढून ही बसवायची, मधल्या बोटाखाली बटण दाबलं की लेझर चालू. लेझरच्या बाबतीत हे बटण मला खटकत नाही, कारण रिव्हॉल्व्हरचा चाप लांब आणि जड असतो. रेल नसलेल्या काही छोट्या पिस्तुलांसाठी चापाच्या कड्याला आवळून बसणारा टीएलआर-६ आहे. त्यात १०० लुमेनचा लाईट आणि लाल लेझर दोन्ही येतात, पण १०० लुमेनकडून खोलीपलीकडच्या अपेक्षा ठेवू नका.

लाल की हिरवा, यावर दुकानात लांबलचक व्याख्यान ऐकायला मिळतं. डोळा हिरव्या रंगाला जास्त संवेदनशील असतो म्हणून दिवसा उजेडात हिरवा ठिपका लवकर सापडतो, हे खरं. रात्री घरात दोन्ही ठसठशीत दिसतात. तेव्हा हिरव्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही.

लेझरचे तोटे कोणी फारसे सांगत नाही. ठिपका नाचतो. प्रत्येकाचा हात थरथरतोच, लेझर ते फक्त दाखवतं. नवशिका मग ठिपका थांबायची वाट बघत बसतो आणि थांबलासा वाटला की चाप खसकन ओढतो. याच कारणाने लेझर सरावाला उत्तम आहे. घरी पिस्तूल रिकामं करून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून चाप ओढा. ठिपका शेवटच्या क्षणी खाली उडी मारत असेल तर तुमची चूक भिंतीवर दिसेल. दुसरा तोटा असा, की लेझर जुळवून घ्यावं लागतं. नळीखाली इंच-दीड इंचावर बसलेला किरण आणि गोळीचा मार्ग यांचा मेळ छोट्या षटकोनी चावीने एका ठरावीक अंतरावर घालतात. घरापुरतं दहा यार्डावर जुळवलं तर खोलीभर फरक इंच-दीड इंचाच्या आतच राहतो. पण रेंजवर जाऊन ते कुणीतरी करावं लागतं, आणि नंतर धक्क्यांनी सरकलं नाही ना ते अधूनमधून तपासावं लागतं.

लाल ठिपका पाहून चोर पळून जातो ही समजूत सिनेमाची आहे, तिच्यावर पैसे खर्च करू नका. ठिपका भिंतीच्या पलीकडचंही काही सांगत नाही. अमेरिकन घराची आतली भिंत म्हणजे लाकडी चौकट आणि दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड. ९ मिमीची गोळी अशा एकापेक्षा जास्त भिंती सहज पार करते. पलीकडे मुलांची खोली कुठे, आई-बाबांची कुठे, हे दिवसा शांतपणे घर फिरून ठरवायचं असतं.

दोन्ही एकत्र, आणि स्पर्धक

टीएलआर-८ सारख्या यंत्रात ५०० लुमेनचा लाईट आणि लेझर एकत्र मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण त्यात फक्त लाईट, फक्त लेझर आणि दोन्ही असे पर्याय असतात आणि झोपेतून उठलेल्या माणसाकडून चुकीचा पर्याय निवडला जातो. एकदाच दोन्हीवर ठेवा आणि ती कळ पुन्हा हलवू नका. वर सांगितलेली डोळ्यांची किंवा हाताची तक्रार नसेल तर साध्या लाईटवर थांबून उरलेले पैसे प्रशिक्षणाच्या वर्गाला द्या.

ट्रिटियम या किरणोत्सारी वायूमुळे अंधारात चमकणाऱ्या साइट्स (नेमाच्या खुणा) लेझरच्या जागी चालतील का, असंही विचारतात. त्यांना सेल लागत नाही, पण अर्धायुष्य बारा वर्षांचं असल्याने त्या हळूहळू मंद होतात, आणि अंधारात तुमची माशी दाखवतात, समोरचा माणूस नाही. पिस्तुलाच्या वर बसणारी रेड डॉट साइट, म्हणजे आत नेमाचा ठिपका दिसणारी छोटी काच, ही आज लेझरची खरी प्रतिस्पर्धी. ज्यांच्या पिस्तुलाचा वरचा भाग त्यासाठी कापलेला आहे त्यांनी लेझरच्या आधी तिचा विचार करावा, कारण तिचा ठिपकाही जवळचा चष्मा न लावता दिसतो.

लाईट घरी आणल्यावर मॅगझीन काढून, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची गोळीची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासूनच बसवा. बाजूने स्क्रूने आवळणारे मॉडेल निवडलं तर हात नळीपुढे न्यावा लागत नाही. समोरून सरकवायच्या मॉडेलमध्ये तो जातो. मग रेंजवर निदान एक-दोन खोकी गोळ्या झाडा. लाईटचं वजन लटकल्यावर एखादं पिस्तूल अडकायला लागतं, ते तिथेच कळलेलं बरं. काचेवर काजळी धरते, ती पुसत जा.

आणि पेटीचं माप घ्या. बोटांच्या कोडने उघडणाऱ्या बऱ्याच छोट्या पेट्या नुसत्या पिस्तुलाच्या मापाच्या असतात, लाईट लावला की झाकण बसत नाही. मग ‘तात्पुरतं’ म्हणून पिस्तूल ड्रॉवरमध्ये जातं. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात ताब्यात नसलेलं पिस्तूल कुलूपबंद न ठेवणं हा गुन्हा आहे. इतर राज्यांतही घरात मूल असेल तर तसंच वागायला हवं. लाईट घेतानाच मोठी पेटी घेतलीत तर दुसरी फेरी वाचेल.