इंजिन रूममधील बिनतारी कंपनमापन यंत्रणा : ११ महिन्यांचा अनुभव

आमच्या मालवाहू जहाजावर पंप, ब्लोअर आणि प्युरिफायर (तेल शुद्ध करणारी यंत्रे) मिळून २६ यंत्रांवर बिनतारी कंपन-सेन्सर बसवलेले आहेत. सेकंड इंजिनिअर म्हणून दोन करारांत मिळून ११ महिने मी ही यंत्रणा रोज वापरली असून, ती घ्यावी असेच माझे मत आहे. मात्र बसवताना कसूर झाली तर तिच्यावर विसंबणे धोक्याचे ठरते.

पूर्वी हातातला मीटर घेऊन महिन्यातून एकदा नोंदी घेतल्या जात. आता दर दोन तासांनी आपोआप नोंद होते. समुद्राच्या पाण्याच्या एका कूलिंग पंपाच्या मोटरवर कंपनाचा वेग सेकंदाला २.१ मिलिमीटरवरून जेमतेम २.४ वर गेला होता, आणि तेवढ्यावरून कोणीही मोटर उघडली नसती. परंतु त्याच नऊ दिवसांत उच्च वारंवारतेचे त्वरण तिपटीहून अधिक वाढल्याचे आलेखात स्पष्ट दिसत होते. बेअरिंग काढले तेव्हा बाहेरच्या कड्यावर नखाला लागेल असा खळगा सापडला. बेअरिंगमधला दोष आधी त्वरणात उमटतो आणि वेगात फार उशिरा, म्हणून केवळ वेग मोजणारा स्वस्त सेन्सर घेऊ नये.

खरी अडचण पोलादाची आहे. बल्कहेड, म्हणजे जहाजातल्या पोलादी आडभिंती, रेडिओलहरी अडवतात आणि वॉटरटाइट दरवाजा बंद झाला की पलीकडचा सेन्सर गप्प होतो. पुरवठादाराने संपूर्ण इंजिन रूमसाठी दोन गेटवे (सेन्सरच्या नोंदी गोळा करणारी उपकरणे) पुरतील असे सांगितले होते, प्रत्यक्षात पाच लागले आणि स्टिअरिंग गिअर रूम (सुकाणू फिरवणाऱ्या यंत्रणेची खोली) तरीही वंचितच राहिली. नोंद न येणे म्हणजे सारे ठीक आहे असे नव्हे, हे यंत्रणेने ठळकपणे दाखवायला हवे. आमच्या पडद्यावर जुना आकडा हिरव्या रंगात तसाच राहतो, आणि हा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो.

चुंबकाने रंगावर चिकटवलेले सेन्सर उच्च वारंवारता नीट पकडत नाहीत. रंग खरवडून स्टडने किंवा एपॉक्सीने बसवल्यावर नोंदी सुधारल्या. स्टँडबाय पंप बंद असतानाही शेजारच्या जनरेटरचे कंपन नोंदले जाते, त्यामुळे पंप चालू आहे की बंद, हे यंत्रणेला कळेल अशी सोय आवश्यक आहे. ती नोंद निरुपयोगी मात्र नाही, कारण थांबलेल्या बेअरिंगमध्ये त्या कंपनानेच हळूहळू खुणा पडतात; अशा पंपांची पाळी आम्ही आता लवकर बदलतो.

क्लासच्या (जहाजाची तपासणी करून ते प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या) पाच वर्षांच्या सर्वेक्षणात यंत्र न उघडता मान्यता मिळेल या आशेने कोणी ही खरेदी करत असेल, तर त्यासाठी देखभालीची संपूर्ण योजनाच क्लासकडून मंजूर करून घ्यावी लागते, नुसते सेन्सर पुरत नाहीत. बॅटऱ्यांबद्दल आजवर तक्रार नाही. स्टिअरिंग गिअर रूममध्ये तारेने जोडलेला सहावा गेटवे बसवावा, अशी मागणी मी पुढच्या ड्राय डॉकच्या (जहाज पाण्याबाहेर घेऊन होणाऱ्या दुरुस्तीच्या) कामांत नोंदवली आहे.