शोधू द्यायचं की शिकवायचं?

पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंची खेळणी हाताळताना मुलं आपणहून प्रश्न विचारू लागतात. खडू-फळ्याला हे सहसा जमत नाही. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६१ मध्ये शोधातून शिकण्याची बाजू मांडली, ती मला मनापासून पटते. पण भागाकाराची रीत मुलानं एकट्यानं शोधावी? नको. नवख्याच्या स्मृतीवर ताण येतो, चुकीची समजूत पक्की होते. तिथे बाईंनी एक गणित फळ्यावर सोडवून दाखवणंच बरं. संशोधक अल्फिएरी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १६४ अभ्यास एकत्र तपासले: विनामदत शोधापेक्षा थेट शिकवणं सरस ठरलं, मार्गदर्शनासह शोध मात्र इतर पद्धतींपेक्षा सरस. गच्च भरलेल्या वर्गात असं मार्गदर्शन एकट्या बाईंना झेपणं कठीण. त्यांना मदतनीस द्यायलाच हवा.