जीवाश्म डायाटमांचे छायाचित्रण: पैसे कॅमेऱ्यावर घालावेत की स्लाइडवर?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा जो कोणी सूक्ष्मदर्शकाखालच्या छायाचित्रणाकडे वळू पाहतो, तो सगळ्यात आधी कॅमेरा कोणता घ्यावा हे विचारतो. माझ्या मते हा प्रश्न तिसरा आहे. त्याआधी नमुना कसा मिळवायचा आणि तो कशात बसवायचा हे ठरले पाहिजे, कारण चित्राचा दर्जा मुख्यतः तिथेच ठरतो.

डायाटम म्हणजे पाण्यातले एकपेशीय शैवाल. त्याचे सिलिकाचे कवच डबी आणि झाकण अशा दोन भागांचे असते, म्हणून मराठीत त्याला ‘करंडक वनस्पती’ असाही शब्द आहे. शैवाल मेल्यावर कवच कुजत नाही. तळाशी साचत जाऊन लाखो वर्षांत त्याची हलकी, पांढरट माती होते. ती आपल्या डोंगरांत शोधण्यात अर्थ नाही. गोकाकच्या धबधब्याचा खडक डायाटम जन्माला येण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीचा आहे, आणि पश्चिमेकडचा काळा कातळ लाव्ह्याचा आहे. मलप्रभेतल्या दगडांवरच्या तपकिरी, बुळबुळीत थरात जिवंत डायाटम भरपूर सापडतात (डायाटमांचे अभ्यासक एच. पी. गांधी यांनी 1950च्या दशकात शेजारच्या पन्हाळगडावरील डायाटमांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता), परंतु त्यांच्यातला सेंद्रिय भाग रसायनांनी जाळून काढावा लागतो. जीवाश्म मातीत ते काम बहुतांशी काळानेच करून ठेवलेले असते, म्हणून नवख्याने तिच्यापासून सुरुवात करावी.

आता तयार स्लाइड की माती, हे पाहू. न्यूझीलंडमधील ओमारू येथील कवचांच्या स्लाइड परदेशातून मागवता येतात, आणि फुलासारखी मांडणी केलेली स्लाइड तर दागिन्यासारखी दिसते. मात्र ती महाग पडते, यायला आठवडे लागतात, आणि तिच्यातून आपल्याला केवळ पाहायला मिळते, करायला काही मिळत नाही. मातीची एक पिशवी वर्षभर पुरते. निवडताना एक काळजी घ्यावी. पोहण्याच्या तलावाच्या गाळणीसाठी विकली जाणारी शुभ्र पूड उच्च तापमानाला भाजलेली असते. मी पहिल्यांदा तीच आणली आणि आठवडाभर नुसत्या काचेसारख्या तुकड्यांचे फोटो काढत बसलो. धान्यातल्या किडीसाठी मिळणारी, न भाजलेली, किंचित मळकट रंगाची पूड घ्यावी. दोन्ही प्रकारांत सिलिकाची धूळ फुप्फुसाला घातक असते, म्हणून तोंडाला मास्क लावून पूड थेट पाण्यात सोडावी आणि कोरडी कधीही हलवू नये.

ती स्वच्छ करण्याचे काम वरणातला खडा खाली बसू देण्यासारखे आहे. चिमूटभर पूड उंच काचनळीत पाण्यात ढवळली की वाळू काही सेकंदांत तळाला जाते. वरचे पाणी दुसऱ्या नळीत ओतून ठेवले की तासाभरात कवचे खाली बसतात आणि चिकणमाती गढूळपणाने वरच तरंगत राहते, ती ओतून टाकायची. हे सात-आठ वेळा केले की शेवटचा थेंब कव्हरस्लिपवर (नमुना झाकायच्या पातळ काचेवर) वाळल्यावर दुधी ठिपका दिसतो, आणि भिंगाखाली त्याच ठिपक्यात पुरणयंत्राच्या चाळणीसारख्या चकत्या आणि भोके पाडलेल्या नळ्या दिसू लागतात.

या कवचांना कशात बसवायचे, ही निवड माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. सिलिकाचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो त्याचे माप) सुमारे 1.43 आहे, तर महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सर्रास मिळणाऱ्या डीपीएक्स किंवा कॅनडा बाल्सम या नमुना बसवायच्या माध्यमांचा सुमारे 1.52. फरक इतका थोडा असल्याने कवच जवळजवळ अदृश्य होते, आणि मग दोष कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो. नॅफ्रॅक्ससारख्या खास माध्यमाचा अपवर्तनांक 1.7च्या आसपास असल्याने तोच फरक सुमारे तिप्पट होतो, पण ते सहज मिळत नाही. बिनखर्चाचा मार्ग म्हणजे कवचे कव्हरस्लिपच्या खालच्या बाजूवर वाळवून ती कोरडीच, हवेत ठेवणे आणि कडा नेलपॉलिशने बंद करणे. त्यात उठाव सर्वांत जास्त मिळतो. मात्र अशा स्लाइडवर तेलाचा थेंब लावून वापरायच्या 100 पट वस्तुभिंगाचा (नमुन्याकडच्या भिंगाचा) पूर्ण लाभ होत नाही, आणि आपल्या पावसाळ्यात फट राहिली तर आतून दमटपणा धरतो. मी 40 पटीपर्यंतच्या कामासाठी हवाच निवडतो.

सूक्ष्मदर्शक अंबाल्यात बनलेला, साधा, महाविद्यालयीन असला तरी चालतो. पण त्याला वरखाली सरकणारा ॲबे कंडेन्सर (नमुन्यावर खालून प्रकाश एकवटणारे भिंग) आणि तो प्रकाश कमी-जास्त करणारा आयरिस पडदा असलाच पाहिजे. कंडेन्सरखाली काळ्या कागदाची गोल चकती ठेवली की काळ्या पार्श्वभूमीवर कवचे निळसर चमकतात, आणि हा परिणाम कोणत्याही कॅमेऱ्याच्या बटणाने मिळत नाही.

मग मोबाइल की डीएसएलआर? 40 पटीचे, 0.65 संख्यात्मक छिद्रमानाचे (भिंग किती रुंद कोनातला प्रकाश घेते त्याचे माप) वस्तुभिंग हिरव्या प्रकाशात सुमारे 0.42 मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) तपशील वेगळा दाखवते. नेत्रिकेतले (डोळा लावतो त्या भिंगातले) 18 मिलीमीटरचे दृश्यक्षेत्र 40 पटीला नमुन्यावर 0.45 मिलीमीटरच भरते, आणि त्याच्या रुंदीत असे जेमतेम हजारभर तपशील मावतात, म्हणजे दोन-अडीच हजार पिक्सेल रुंदीचे चित्र पुरेसे होते आणि कोणताही चांगला मोबाइल ते देतो. मोबाइलची खरी अडचण दुसरीच आहे: तो चित्र परस्पर धारदार करतो आणि नसलेले ठिपके उमटवतो. प्रो मोडमध्ये रॉ फाइल (मोबाइलने प्रक्रिया न केलेले चित्र) घेतल्यास आणि नेत्रिकेवर पक्का धारक बसवल्यास हा दोष पुष्कळ कमी होतो. डीएसएलआरचा फायदा प्रामुख्याने तेव्हा दिसतो, जेव्हा घुमटाकार कवचाचे वेगवेगळ्या खोलीवर वीस-तीस फोटो एकाच उजेडात घेऊन पिकोलेसारख्या मोफत सॉफ्टवेअरने एकत्र करायचे असतात. पण त्याच्या शटरच्या धक्क्याने 40 पटीला चित्र हलते, तेव्हा लाइव्ह व्ह्यू आणि इलेक्ट्रॉनिक शटर वापरावे. नेत्रिकेत घालायचे स्वस्त यूएसबी कॅमेरे मी सुचवत नाही, कारण त्यांच्या चिमुकल्या सेन्सरवर दृश्यक्षेत्राचा मधला तुकडाच येतो.

म्हणून हातात ठरावीकच रक्कम असेल तर ती ट्रायनॉक्युलर (दोन डोळ्यांसाठी दोन आणि कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असलेला) सूक्ष्मदर्शक आणि चांगल्या कंडेन्सरवर घालावी, माती आणि कव्हरस्लिप (0.17 मिलीमीटर जाडीच्याच) घ्याव्यात आणि पहिले वर्ष खिशातल्या मोबाइलवर काढावे. घरात लग्नकार्यासाठी घेतलेला डीएसएलआर पडून असेल तर त्याला तिसऱ्या नळीवर बसवणारा जोडभाग तेवढा विकत घ्यावा. खानापूरकडे राहणाऱ्यांनी जूनपूर्वीच झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह भिंगे ठेवण्याची सोय करावी. बुरशी एकदा काचेला धरली की तिचा डाग निघत नाही.