कुत्र्यासाठी घरचा खाऊ: भोपळा, रताळं, गाजर की केळं?

कुत्र्यासाठी घरी बिस्किटं भाजायची ठरवली की आधी प्रश्न येतो तो भाजीचा. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: ही भाजी किती पीठ मागणार आहे? भोपळ्याची म्हणून जी बिस्किटं सर्रास केली जातात, त्यांत २०० ग्रॅम गराला २५० ग्रॅमच्या आसपास कणीक लागते. गरातून जेमतेम ५० कॅलरी मिळतात, कणकेतून साडेआठशे. म्हणजे कुत्रा खातो ती गव्हाचीच बिस्किटं, फक्त भोपळ्याच्या रंगाची.

पीठ कुत्र्याला चालत नाही, असं मात्र नाही. माणसाबरोबर राहता राहता कुत्र्याला पिष्टमय अन्न पचवता येऊ लागलं. लांडग्याच्या तुलनेत त्याच्याकडे त्यासाठी लागणाऱ्या जनुकाच्या कितीतरी जास्त प्रती असतात, हे २०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनाने दाखवलं. पण निवड करताना आपण भाजी मोजतो आणि पीठ विसरतो. हा आढावा म्हणून पिठाकडे बघत घेतला आहे.

आधी मापाचं बोलू. खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असं पशुवैद्य सांगतात. नसबंदी झालेल्या, दहा किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी पुरतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला ६०. कोरडं भाजलेलं कुठलंही बिस्किट ग्रॅममागे साडेतीन कॅलरींच्या आसपास जातं. पाच ग्रॅमची तीन बिस्किटं दिली की दिवसाचा खाऊ संपला. दोन ग्रॅमचे, नखाएवढे तुकडे कापले तर आठ देता येतात. कुत्र्याला तुकड्याच्या आकारापेक्षा तो कितीदा मिळाला याचा आनंद जास्त असतो, त्यामुळे लहान कापण्यात त्याचं काहीच जात नाही.

लाल भोपळा. वर्षभर मिळतो, भाजीवाला हवी तेवढी फोड कापून देतो, स्वस्त असतो. शंभर ग्रॅमला पंचवीसेक कॅलरी, साखर कमी, आणि बहुतेक कुत्र्यांच्या पोटाला सोसतो. त्यातला तंतू पाणी धरून ठेवतो, म्हणून शी थोडी पातळ किंवा थोडी घट्ट झाली तरी चमचाभर शिजवलेला भोपळा द्यायला सांगतात. अडचण एकच, पाण्याची. कुकरमध्ये पाण्यात शिजवला तर तो पीठ खातच राहतो. त्यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे: पाणी न घालता वाफवा, मग कढईत मंद आचेवर आटवा, पुरणासारखं उलथनं उभं राहीपर्यंत. २०० ग्रॅमचा गर निम्म्यावर येतो, कणीकही सव्वाशे ग्रॅममध्ये भागते आणि प्रत्येक बिस्किटात भोपळा दुप्पट जातो. कॅलरी त्यामुळे फारशा घटत नाहीत, म्हणून तुकडे लहानच कापायचे.

रताळं. आषाढी आणि महाशिवरात्रीच्या आगेमागे बाजारात ढीग लागतात, तेव्हा करायला उत्तम. कॅलरी भोपळ्याच्या तिप्पट, पण लगदा स्वतःच घट्ट असल्यामुळे पीठ निम्म्याने कमी लागतं. इथे खरोखर भाजीचं बिस्किट होतं. मंद आचेवर भाजताना रताळ्यातल्या पिष्टाची काही अंशी साखर होते, म्हणून ते भाजल्यावर जास्त गोड लागतं आणि खाण्यात नखरे करणारा कुत्राही सहसा नाही म्हणत नाही. बीटा कॅरोटिनसाठी, म्हणजे ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं त्या केशरी रंगद्रव्यासाठी, रताळं घेणार असाल तर आतून केशरी असलेलं शोधा. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या पांढऱ्या गराच्या रताळ्यात ते फार थोडं असतं. कच्चं रताळं मात्र देऊ नका, ते पचत नाही.

गाजर. माझ्या मते ते भाजण्यापेक्षा तसंच द्यावं. किसून कणकेत घातलं तर पिठाला बांधून ठेवत नाही, अंडं लागतं, आणि त्याचा कुरकुरीतपणा, म्हणजे त्यातली खरी गंमत, नाहीशी होते. तब्येतीने भरलेल्या लॅब्राडोरला बिस्किटाऐवजी गाजराचा तुकडा देणं कुठल्याही पाककृतीपेक्षा सोपं. मोठा तुकडा न चावता गिळणारा कुत्रा असेल तर पातळ काप करून हलकं वाफवा.

केळं आणि सफरचंद. पिकलेल्या केळ्यात शंभर ग्रॅममागे बारा ग्रॅमच्या आसपास साखर असते, भोपळ्यात तीन. वास तीव्र असल्याने औषधाची गोळी लपवायला केळं फार उपयोगी पडतं, पण बिस्किटं चिकट होतात, वरून पटकन करपतात आणि आत ओली राहतात. रोजच्या खाऊसाठी मी ते निवडणार नाही. सफरचंद किसून, पिळून घातलं तर चालतं. बिया आणि मधला कडक भाग काढायचाच. बिया चावल्या गेल्या की त्यातून सायनाइड तयार होतं.

पिठांत गहू सगळ्यात सोपा, कारण चिकटपणा त्याचा स्वतःचा असतो. गव्हाची ॲलर्जी असेल या भीतीने बरेच जण तो टाळतात, पण कुत्र्यांच्या अन्नातल्या ॲलर्जीत गोमांस, दूध आणि कोंबडी ही गव्हाच्या पुढे आढळतात. ज्वारी वापरायची तर भाकरीसारखं गरम पाण्यात पीठ मळून घ्या, नाहीतर बिस्किटं हातातच भुगा होतात. नाचणीला अंडं हवं. नाचणीत शंभर ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींच्या वाढत्या पिल्लांना जादा कॅल्शियम हाडांच्या वाढीत बाधतं, म्हणून त्यांना नाचणीचं रोज नको.

आता पीठ पूर्णपणे टाळणारा मार्ग: रताळ्याचे सुकवलेले काप. पाऊण सेंटिमीटर जाडीचे काप १२० अंशांवर अडीच ते तीन तास, मध्ये एकदा उलटवून. ना मळणं, ना लाटणं. चघळायला भरपूर वेळ लागतो, त्यामुळे दिवसभर घरात कंटाळणाऱ्या कुत्र्याला हे बिस्किटापेक्षा बरं. तोट्याचं म्हणजे विजेचा खर्च आणि वजनाची फसगत: पाणी उडून गेलेला काप हलका लागतो, पण दहा ग्रॅमच्या कापात तीसेक कॅलरी असतात. घाईने गिळणाऱ्या कुत्र्याला काप देऊन आपण दुसऱ्या खोलीत जाऊ नये. बिस्किटं १७५ अंशांवर वीस-पंचवीस मिनिटांत होतात, मग ओव्हन बंद करून आतच तासभर वाळू द्यायची.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हे वाळवणं फार महत्त्वाचं. वरून कडक आणि आतून ओलसर बिस्किट डब्यात दोन-तीन दिवसांत बुरशी धरतं. जून ते सप्टेंबर फ्रिजमध्ये आठवडाभराचं ठेवा, बाकीचं फ्रीझरमध्ये. बुरशी दिसली तर तेवढा भाग काढून उरलेलं देऊ नका, सगळं फेका.

काय घालू नये, याबाबत घरच्या सवयींवर लक्ष ठेवावं लागतं. भोपळा म्हटला की घारग्यांच्या आठवणीने हात गुळाकडे आणि जायफळाकडे जातो. गुळाची गरज नाही, आणि जायफळ जास्त पोटात गेलं तर कुत्र्याला विषारी ठरतं. बेदाणे, मनुका, द्राक्षं अजिबात नाहीत, नाशिक-सांगलीचा ताजा माल घरात असला तरीही. थोड्या द्राक्षांनीही काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. यामागे टार्टारिक आम्ल असावं, असं अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी २०२१ मध्ये मांडलं. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, म्हणून चिंचही नको. कांदा आणि लसूण शिजवले किंवा वाळवून पूड केली तरी रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. पीनट बटर घालायचं असेल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) लिहिलं नाही ना, हे वाचून घ्या. त्याने कुत्र्याची रक्तशर्करा अर्ध्या-एक तासात धोकादायकरीत्या उतरू शकते.

मग निवडायचं काय? वजन वाढलेला किंवा पोट नाजूक असलेला कुत्रा, रोजचं शिकवणं, छोटे तुकडे: आटवलेला भोपळा. खाण्यात चोखंदळ किंवा चघळण्याची आवड असलेला: रताळं, शक्यतो काप करून. वेळच नसेल तर गाजर. कॅल्शियम ऑक्झलेटचे मूत्रखडे होऊन गेलेल्या कुत्र्याला रताळं, बीट, पालक आणि नाचणी टाळा, कारण त्यांत ऑक्झलेट जास्त असतं. मधुमेह, स्वादुपिंडाचा दाह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आपल्या डॉक्टरांना घटकांची यादी दाखवून मगच ओव्हन लावा. निरोगी कुत्र्यालाही एका वेळी एकच नवी भाजी द्या आणि तीन-चार दिवस शी आणि अंगाची खाज यांच्याकडे लक्ष ठेवा. दोन भाज्या एकदम दिल्या तर काय सोसलं नाही ते कळणार नाही.